बायाक्काचा नंबर

बेळगावात हृदयाच्या एको तपासणीच्या खोलीबाहेर मी तान्ह्या मंथनला छातीशी धरून बसले होते. शेजारी निपाणीच्या दोघी बोलत होत्या.

“बायाक्का, आत डॉक्टर तुझी लेक, आन् तू रांगंत?”

“नंबरानं ये म्हणाली.”

“आईलाबी?”

“व्हय. विड्या वळून शिकवलंय तिला. माझ्यासाठी दुसऱ्याचा नंबर मोडंल व्हय ती?”

“आज काय बघणार?”

“केमोनं हृदय दमलंय का ते. पडद्यावर हृदयाचे बारीक ठिपके दिसत्यात. एकेक ठिपका किती हलतोय ते मशीन मोजतंय. जोर कमी दिसला तर पुढचा डोस थांबवणार.”

“भ्या वाटतंय?”

“वाटतंय की.”

दार उघडलं. “मंथन!”

मी मंथनला घट्ट धरून बसूनच राहिले.

बायाक्कानं बाळाचं टोपरं सारखं केलं. “जा गं, बिनघोर जा. आत माझी लेक हाय.”