मुकुटवाली कोंबडी

पोलंडमधल्या रादोमच्या संग्रहालयात लोकांच्या घरच्या युद्धकाळातल्या वस्तू तपासून देत होते. काकांचं जुनं हेल्मेट मांडीवर घेऊन ओतिलिया रांगेत बसली होती. पुढच्या टेबलापाशी दोघं म्हातारे भाऊबहीण तपासनिसाला रायफल दाखवत होते.

"आमच्या बाबांची आहे, साहेब. एकोणचाळीसच्या सप्टेंबरात जर्मनांशी लढून आले आणि लपवून ठेवली. गावच्या स्मारकावर त्यांचं नाव लागायला हवं."

"लागेल की, झेनेक! 'तळघरात बसून बटाट्यांची राखण केली,' असं कोरून घे."

"ताई, इथे तरी गप्प बस."

"रायफल इथल्याच कारखान्यातली आहे," तपासनीस म्हणाला. "पण आपलं राष्ट्रचिन्ह, गरुड, घासून काढलंय आणि नळीवर जर्मन शिक्का आहे, त्रेचाळीसचा. म्हणजे तोवर ती त्यांच्याकडेच होती."

"घ्या! सप्टेंबरची गोष्टही थापच निघाली. बटाटे देऊन विकत घेतली असेल."

"जर्मन शिपाई बटाट्यांच्या बदल्यात रायफली विकायचे का, ताई?"

"मग काय, हिसकावून घेतली? आमच्या बाबांनी? ते गाईलासुद्धा घाबरायचे."

"एक मिनिट," तपासनीस म्हणाला. "घासलेल्या जागी कुणीतरी खिळ्याने कोंबडी कोरलीय. आणि तिच्या डोक्यावर मुकुट आहे!"

"कोंबडी? बघू, सरक रे झेनेक."

"दिसली?"

"गरुड आहे तो, साहेब. आपला, मुकुटवाला. आमच्या घरच्या पेटीवरही बाबांनी असाच काढलाय. चित्रकला काही जमली नाही त्यांना."

"मग स्मारकाचं काय करू, ताई?"

"नाव मोठ्या अक्षरांत घाल. गरुड मात्र दुसऱ्या कुणाकडून काढून घे."