स्कॉटलंडातल्या माझ्या पिंपाबाबत

नाव धर्मराज सुखदेव बनसोड. वय ६८. धंदा काही नाही. पूर्वी नागपूरला हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. सध्या राहणार मुलगी भावना हिच्या घरी, खालच्या मजल्यावर, वेस्ट विंडसर, न्यू जर्सी. पोलीस ठाण्यात आपण होऊन आलो आहे आणि स्वतःच्या हाताने मराठीत लिहून देतो की:

मला इंग्रजी वाचता येतं, पण इथल्या लोकांच्या तोंडचं धड कळत नाही. ऑफिसरसाहेब फोनवर हिंदीचा दुभाषी देत होते. हिंदी मला येते, पण रागाची गोष्ट मी मराठीतच सांगणार म्हणून अडून बसलो. तेव्हा त्यांनी उपासना मेश्राम यांना बोलावलं. त्या शाळेत नोकरी करतात आणि लागेल तेव्हा ठाण्याला भाषेची मदत करतात. आमची रविवारची बुद्धवंदना त्यांच्याच घरी होते. त्या येणार हे माहीत असतं तर मी हिंदीत निभावून नेलं असतं. हट्ट अंगाशी आला. आता उठून जाताही येत नाही.

नकुल नावाचा माणूस गेल्या वर्षी वंदनेला येऊ लागला. गोड बोलायचा, म्हाताऱ्यांना गाडीने घरी सोडायचा. असाच मला सोडताना त्याने स्कॉटलंडमधल्या एका डिस्टिलरीचा व्हिडिओ दाखवला. तिथे व्हिस्की ओकच्या लाकडी पिंपांत भरून गोदामात वर्षानुवर्षं ठेवतात. जितकी जुनी तितकी महाग. अख्खं पिंप आपण विकत घ्यायचं आणि मुरलं की विकायचं. मी म्हणालो, "अरे, आम्ही दर रविवारी पंचशील घेतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं दारूपासून लांब राहण्याचं, ठाऊक आहे ना?" तो म्हणाला, "काका, ड्रिंक कोण करतंय? तुम्ही टचसुद्धा करणार नाही. फक्त होल्ड करायचं."

मला ते पटलं. विज्ञानाचा मास्तर असून पटलं, याची चीड येते. नुसतं पडून राहून किंमत वाढणारी वस्तू मला तेव्हा फार आवडली, कारण भावनाच्या घरी मीही पडूनच होतो आणि माझी काही वाढत नव्हती.

भावनाने इकडे बोलावलं तेव्हा मी नागपूरचा फ्लॅट विकला होता. ते सगळे पैसे नकुलला दिले. भावनाला सांगितलं, बँकेत ठेवलेत. पिंप विकून नागपुरात पुन्हा घर घ्यायचं, असा बेत होता. मुलगी वाईट नाही, जावईही वाईट नाही. पण मला गाडी चालवता येत नाही, आणि इथला फुटपाथ आमचं वळण आलं की संपतो. नातू माझ्या प्रत्येक प्रश्नाला "ओके आजोबा" म्हणतो आणि दार लावून घेतो. मला माझ्या गावी, माझ्या घरात राहायचं आहे. त्या पैशांखेरीज मला परत जायला दुसरी वाट नाही.

गेल्या पौर्णिमेला वंदनेनंतर जेवणं झाली. दाराशी मी चपला शोधत होतो. आमच्यातलाच एक जण कोपऱ्यात उभा राहून फोनवर फोटो बघत होता. नकुलने मला पाठवला होता तोच फोटो: माझंच पिंप, झाकणावर खडूने लिहिलेला तोच नंबर. मी म्हणालो, "हे माझं आहे." तो म्हणाला, "नाही काका, माझं." आतून कोणी तरी खीर हवी का विचारलं, तर दोघांनी एकदम हो म्हटलं. मग तो हळूच म्हणाला, "काका, प्लीज. बायकोला यातलं काही माहीत नाही. तिला कळलं तर संपलं यार." मी शब्द दिला.

घरी येऊन डिस्टिलरीला ईमेल केला. उत्तर आलं की पिंप त्यांच्याच मालकीचं आहे, कोणालाही विकलेलं नाही. नकुलचा फोन बंद आहे. आमच्यातल्या आणखी किती जणांना त्याने तेच पिंप विकलं, कोण जाणे. शेजारी शेजारी बसून शील घेणारे आम्ही, दारूची गोष्ट एकमेकांना कशी विचारणार? हे त्याने बरोबर हेरलं.

साहेबांचं म्हणणं असं की मी एकटा असलो तर नकुल म्हणेल, व्यवहार फसला. दुसरं गिऱ्हाईक पुढे आलं तरच फसवणूक सिद्ध होईल. त्यांचा प्रश्न उपासनाबाईंनी मराठीत विचारला, "काका, तो फोन कोणाचा होता?" मी म्हणालो, "आठवत नाही," आणि तसंच लिहिलं.

त्यांनी साहेबांना इंग्रजीत सांगितलं. माझं उत्तर दोन शब्दांचं होतं, त्यांचं बरंच लांबलं. त्यात "माय हजबंड" ऐकू आलं आणि "विवेक" ऐकू आलं. एवढं इंग्रजी मला कळतं. फोन विवेकचाच होता, आणि उपासनाबाईंना आधीपासून सगळं माहीत होतं. मला फार लाज वाटली. आता माझं घर मिळालंच तर ते त्यांच्या घरात भांडण लावून मिळणार आहे.

इथवर लिहिलेलं उपासनाबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. "आठवत नाही" पाशी थांबून म्हणाल्या, "काका, एवढं खोडा. येत्या रविवारी शील तुम्ही देणार आहात."

मी ते खोडलं आणि बाजूला सही केली. बाकी सगळं मी सांगितलं तसंच आहे आणि खरं आहे.

ध. सु. बनसोड