सिस्टरचा मांडव

शप्पथ सांगतो सायमनभाऊ, यातलं एकूनएक खरं हाये — म्हनजे जेवढं मी पाह्यलं तेवढं, बाकीचं माह्या आजीनं सांगितलं, तिचं निम्मं धरा. बसा ना. ती लाल खुर्ची नका घेऊ, तिचा पाय मोडला हाये, निळी घ्या. तुमची आई घरी नाही, कुलूप हाये दाराले. त्या रिकाम्या बॅगा राहू द्या गाडीतच, इथं शेळ्या येतात. कालच इंद्रवेल्लीच्या लग्नाचा मांडव उतरवून आलो, पाठ मोडली माही, म्हनून बसूनच बोलतो, राग नका मानू. काय म्हन्ता? फोटो? हो, फोटो मीच पाठवला तुमाले. तुमी म्हनत होते ना, आईले ठाण्याले नेतो, तिथं आपले लोक हायेत, उटनुरात एकटी यहुदी बाई काय करते — तं म्हनलं पाहा, तिच्या मांडवात चाळीस मानसं, सणाच्या दिवशी. अन् आता इचारता, सगळे रडून काऊन राह्यले? चांगलं इचारलं. सांगतो.

तुमची आई इथल्या दवाखान्यात सिस्टर होती, अर्धं उटनूर तिच्या हातावर जल्मलं, मीबी. पन ती यहुदी म्हनजे काय, हे कोनाले ठाऊक? शनवारी चूल पेटवत नाही म्हनून लोक समजत, शनीचं कडक व्रत हाये. माही आजी सोजरबाई दर शनवारी तिच्या पायरीवर तेल ठेवून येते — तुमची आई रविवारी त्याच तेलात पुऱ्या तळते, अन् पहिली पुरी आजीलेच. तं सणाच्या आधी माह्या मांडवाच्या दुकानात आली. म्हणाली, हर्षदीप, मांडव हवाय. म्हनलं घ्या, झालर हाये, लाइटिंग हाये, वॉटरप्रूफ ताडपत्री हाये. म्हणाली, वर कापड नको, ज्वारीचे धांडे टाक, आणि असे विरळ टाक की आतून चांदण्या दिसतील. म्हनलं सिस्टर, पानी गळंल. तर म्हणाली, गळू दे! भाऊ, बापानं धंदा काढला तवापासून आमी गळू नये म्हनून मांडव घालतो, गळावा म्हनून मांगनारं पैलं गिऱ्हाईक तुमची आई. काऊन म्हनलं, तं म्हणाली, आमचे लोक राजाच्या गुलामीतून सुटले, तेव्हा असल्याच झोपड्यांत राहत रानोमाळ फिरले, त्याची आठवण. सात दिवस यात जेवायचं, पाहुणे बोलावून. म्हनलं, पाहुने कोन? तवा म्हणाली, सायमनला सांगितलंय, एक जरी माणूस आला जेवायला तर राहीन, नाही तर येते ठाण्याला. — एक, भाऊ. एकच मांगत होती. अन् मी तिथंच उभा, बांबू मोजून राह्यलो होतो. आमची अक्कल.

दोन दिवस कोनी नाही आलं. एकटीच जेवली आत. तिसऱ्या दिवशी पाटलाच्या म्हशीनं छपराचे धांडे खाल्ले, म्हनून मी नवे टाकून राह्यलो होतो — पैसे नाही घेतले हो त्याचे, असंच. तं उद्धवराव पाटील गाडी थांबवून इचारते, कोनाचा रे मांडव? म्हनलं, सिस्टरचा. खोटं बोललो का? नाही. पन तुमीच सांगा — झालर नाही, लाइट नाही, डीजे नाही, वरून नुसता पाला, अन् बाई दोन दिवस कोनाले दिसली नाही — आमच्याकडं असा मांडव कशाचा असते? ते 'अरेरे' म्हनले अन् गेले. मी शिडीवर, हातात सुतळी, मांगं पळू का त्यायच्या? संध्याकाळी आले ना सगळे. आमच्या बौद्ध वस्तीतले पुण्यानुमोदन समजून पांढरे कपडे घालून, पाटलाच्या आळीतले तेरवी समजून पत्रावळी घेऊन. मेली कधी हे कोनी इचारलं नाही. सोजरबाईनं कोपऱ्यावरूनच गळा काढला, 'माही सिस्टर गेली वं माय!' — अन् आत पाहते तं सिस्टर चटईवर बसून पोह्यात गूळ-नारळ कालवून राह्यली. तुमचा फोटो त्या वक्ताचा हाये.

उद्धवराव म्हनले, 'बाई, तुमी जित्या?' ती म्हणाली, 'अजून तरी. बसा, वाढते.' मेलेलं मानूस स्वतः वाढून राह्यलं तं नाही कसं म्हनावं? बसले. अन् आलं पानी. मी ताडपत्री घेऊन धावलो तं माह्यावर वरडली, 'हात लावू नकोस!' चाळीस लोक भिजून राह्यले, कोनी उठेना. मंग तिनं पोत्याखालून पेटी काढली अन् कीर्तन लावलं — मराठीत भाऊ, तुमच्या लोकायचं कीर्तन, मराठीत! राजा, विटा पाडनारे गुलाम, दुभंगलेला समुद्र. आजी मले कोपर मारून म्हने, 'आरं, हे तं आपलीच वेठ व्हय.'

तवापासून दर शनवारी चांदनी दिसली का येतात लोक. आता त्या कीर्तनाचं नाटक बसवून राह्यले. समुद्र म्हनजे माह्या दोन निळ्या कनाती, वस्तीतली पोरं, प्रितम अन् रंजीता, दोन बाजूनं ओढतात. राजा सगळ्यायलेच व्हाचं हाये, गुलाम कोनीच नाही — आजी म्हने, आमचा कोटा संपला. काठीनं समुद्र दुभंगनारा संदेष्टा म्हनजे उद्धवराव, काठी त्यायची घरचीच. परवा समुद्र अर्धाच उघडला, देवाचे लोक बुडाले अन् राजा पार झाला. तुमच्या आईनं कनाती ओढनाऱ्या दोघायलेबी झापलं.

काय? हे यहुदी नाहीत? नाहीतच. मीबी नाही. आमी म्हनलं का? पन भाऊ, ठाण्यात चवथ्या मजल्यावर मेली समजून रडाले कोन येईल तिच्यासाठी — जिती असताना?

तो मांडव सात दिवसाचा होता. उतरवाले तीनदा गेलो. गेलो, चहा पिलो, आलो. खांब तसेच हायेत. धंदा बुडते असा... जाऊ द्या, थकलो म्हनून बोललो.

आई? विहारात हाये, तालीम चालू हाये. मलेच सांगून गेली — सायमन आला तर बसव, समुद्र नीट उघडल्याशिवाय मी येत नाही, आणि ठाण्याला तर नाहीच. तं बॅगा न्या तशाच रिकाम्या. हां, थांबा. नाटकाच्या चाळीस खुर्च्या, दोन कनाती, महिनाभराचं भाडं — म्हणाली, लेक देईल. अन् ही निळी, तुमी बसले ती, एक्केचाळिसावी. काढा.