दादाले थांबवलं ते वाफेनं

आमी मूळचे अकोटकडचे, माळी. आमचा पट्टा खारपान्याचा, म्हंजे विहीर खंदली तरी तोंडात धरवत नाही असं पानी, म्हनून बापानं फुलं विकता विकता अकोला गाठलं अन् आता जठारपेठेत माहं हारांचं दुकान आहे. घरी बायको, पोरगी पल्लवी अन् मी. बोलाले मी, ऐकाले कोनी नाही. माहा थोरला भाऊ, दादा, तो तिकडं गावातच राहून शेती पाह्यते, पन घरात शब्द त्याचाच चालते. जठारपेठेतला एक गाळा त्याच्या नावावर, रिकामा पडलेला, अन् सगळी गोष्ट त्या गाळ्याचीच आहे.

पल्लवी पुन्यात नोकरीले होती. ती सोडून आली, संगं कॉफीची मशीन आनली, घरगुती, मिक्सरपेक्षा जराशीक मोठी. म्हने बाबा, चिखलदऱ्याची कॉफी आहे, आपल्याच डोंगरातली, मले मोठ्या बाबांचा गाळा पाहिजे. मी दादाले फोन केला. दादा म्हने, मोबाईलवाला मागून राहिला तो गाळा, तरी रविवारी येऊन पाहतो पोरगी काय पाजते ते, नाही जमलं तं तिनं मुकाट्यानं पुन्याले जावं. घ्या. एका कपावर पोरीचं घरी राहनं आलं.

अन् त्याच आठवड्यात मशीनची वाफ मेली. त्या मशीनले बाजूनं एक नळी असते, तिच्यातून वाफ सोडून दूध फेसाचं, ते पहिले अशी सुटे का मांजर पलंगाखाली जाये, अन् आता नुसती फुसफुस, दूध कोमट, वर दोन बुडबुडे. पल्लवीनं नळीचं तोंड खोलून पाह्यलं तं भोकाइत पांढरं साचलेलं, उन्हाळ्यात कूलरच्या जाळीवर बसते तेच. बाबा, टाकीत पानी कोन्तं भरलं? आता नळ का रोज येते इथं, मी आपला बोअरचं भरत होतो, रोज सकाळी, कौतुकानं, पोरीले मदत म्हनून. ज्या पान्याले भिऊन बाप गाव सोडून आला, तसलंच पानी मी मशीनले पाजून राहिलो होतो. बायको म्हने, तुमी मदत करू नका, तेवढीच मदत. मग पानी तापवाच्या रॉडवरचा थर ती ज्यानं काढते ते लिंबूसत तिनं पान्यात घोळलं, ते मशीनमधून फिरवलं, पल्लवीनं सुईनं भोकं मोकळी केली, मग साध्या पान्यानं धू धू धुतलं. वाफ आली, पन एका कपापुरती. मग मशीन दम खाये.

रविवारी दादा एसटीनं आला. अन् मी काय केलं असन? त्याले बरं वाटावं म्हनून शेजारपाजारचे बी बोलावून बसवले. आमच्यात बैठकीत सगळ्याइले संगंच कप द्याचा, अन् तो बी काठोकाठ. मी आत जाऊन म्हनलं, बेटा, सगळ्याइचं दूध मोठ्या भांड्यात एकदमच फेसून टाक. ती माह्याकडं पाहूनच राहिली. म्हने, एवढ्या दुधाले वाफ पुरनार नाही बाबा, एकेकच होईन.

बाहेर दादा घड्याळ पाहून राहिला. दादाले कोनी थांबवलेलं मी जन्मात पाह्यलं नाही; लग्नात नवरदेव थांबते, दादा थांबत नाही. म्हने, कॉफी का चिखलदऱ्याहून पायी येऊन राहिली? शेजारी हसले. माही बनियन घामानं चिकटली. मी वाफेच्या खटक्याले हात घातला, तं पोरीनं तो झटकला. तिची नजर मशीनवरच्या लाल दिव्यावर. दिवा पेटला म्हंजे आत तापून राहिलं, तो विझाच्या जराशीक पहिले वाफ सोडली तं जोर टिकते, हे तिनं करून करून शोधलं होतं.

दादा उठून स्वयंपाकघराच्या दारात आला. पोरी, मले जाचं आहे.

तिनं मान वर केली नाही. थांबा, मोठे बाबा. आत्ता काढली तं तुम्हाले कोमट प्या लागीन.

काय सांगू तुम्हाले. बायकोनं माहा दंड धरला. अन् दादा, आमचा दादा, दाराले टेकून उभा राह्यला. पोरीनं नळीतलं पहिलं पानी फडक्यात सोडलं, मग नळी दुधात घातली, अन् वाफ अशी सुटली का मांजर गेलंच. दूध तिनं अर्धं भांडंच घेतलं होतं, ते वर चढलं, मऊ, साईसारखं. एक कप. दादाच्या हातात. बाकीचे बसून.

दादा उभ्यानं प्याला. मिशीले फेस. कप ठेवला अन् म्हने, गाळ्याचं बोअर तं इथल्याहून खारं आहे, पानी कुठून आनशीन?

पोरगी नळी पुसतच राहिली. मी म्हनलं, मी आनीन. दादानं माह्याकडं असं पाह्यलं जसं आताच ओळख झाली. मग इचारलं, ही एसटी तं गेली, याच्यामागची कधी आहे, अन् परत बैठकीत जाऊन बसला.

आता गाळा चालू होऊन वर्ष होत आलं. मशीन तीच, कप एकेकच, लोकं थांबतात. दादा अकोल्याले आला का तिथं येऊन उभा राहते, लोकाइच्या मागं, आपल्या पाळीची वाट पाह्यत. मी सकाळी हारांच्या आधी स्कूटरवर फिल्टरच्या पान्याची कॅन नेऊन देतो. देव पोरीच्या वाफेले बरकत देवो. कॅन मात्र दारापर्यंतच, टाकीले ती मले अजून हात लावू देत नाही.