सुनंदाताईंचा केस

तुम्ही हसाल, पण लासलगावजवळच्या एका गावात माझी कार्यशाळा एका केसावरून अडली होती. कांदे साठवायच्या चाळीत हवा किती दमट आहे ते दाखवणारं यंत्र शेतकऱ्यांच्या घरच्या लोकांनी स्वतः बनवायचं होतं. पुठ्ठ्याचा खोका, काडीचा काटा आणि त्याला बांधलेला एक लांब केस. दमट हवेत केस लांबतो आणि काटा सरकतो.

मी म्हटलं, "प्रत्येक घरातून एक केस द्या." कोणी जागचं हलेना. शेवटी पुढं बसलेल्या सुनंदाताई म्हणाल्या, "म्याडम, बाईचा केस परक्याच्या हाती देत नाय आमी."

"मग मला देऊच नका. तुमच्याच हातानं बांधा आणि यंत्र घरी न्या."

झालं, सगळ्या बायका कामाला लागल्या. वाफेवर धरताच सगळ्यांचे काटे सरकले, फक्त सुनंदाताईंचा नाही. त्यांचा चेहरा उतरला. मी पाहिलं तर केसाला तेल होतं, त्यामुळे ओल आत शिरत नव्हती. मी दिलेल्या स्पिरिटच्या कापसाच्या बोळ्यानं त्यांनी ते पुसलं, यंत्र पुन्हा वाफेवर धरलं आणि काटा सरसर सरकला.

मागून त्यांचे यजमान म्हणाले, "लग्नाला वीस वर्षं झाली म्याडम, हिला हलवायची युक्ती आज कळली!"

सुनंदाताईंनी तो बोळा त्यांच्यापुढे धरला. "या इकडं, आता तुमचं डोकं पुसते."