फक्त सोबतीला

दवाखान्यात माझ्या शेजारी एक आई तिच्या तेरा वर्षांच्या जुळ्या मुला-मुलीला घेऊन बसली होती. मुलगी एचपीव्ही विषाणूवरची लस घ्यायला आलेली, पण खुर्ची सोडेना.

"आई, घरी चल ना."

"सिस्टर, हिच्या लग्नाच्या वेळी बघितलं तर?"

"काकू, छत्री भिजल्यावर उघडतात का? गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळायला हेच वय चांगलं."

"ऐकलंस, घाबरट? मुंगी चावल्यासारखं वाटतं फक्त!"

"तू कोण रे बाळा?"

"हिचा जुळा भाऊ. सोबतीला आलोय."

"मग तूही बाही वर कर. मुलग्यांनाही देतात. याच विषाणूने पुरुषांना घशाचा कॅन्सर होऊ शकतो."

"आई! मला कुठे लग्न करायचंय?"

"द्या सिस्टर, दोघांनाही. आधी कोणाला?"

"आधी याला! मी धरते ना हात, घट्ट!"