वुड रादर

फोटो स्टुडिओच्या बाकावर माझ्या शेजारी एक नर्सबाई इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक उघडून बसल्या होत्या. परदेशातल्या नोकरीच्या अर्जाला त्यांना फोटो हवा होता. पलीकडे त्यांचा नवरा.

“हॅड बेटर म्हणजे काय गं?”

“सल्ला. ऐकला नाही तर बघून घेईन, असा.”

“ते तर तुला घरबसल्या येत होतं. क्लास कशाला लावलास?”

“हे ‘आय विश’साठी. ‘आय विश माय हजबंड कुक्ड.’ नवरा स्वयंपाक करत असता तर किती बरं झालं असतं.”

“कुक्ड? हा भूतकाळ झाला.”

“जे होणार नाही ते असंच मागायचं असतं.”

“बरं. समजा, एखाद्याला बायकोला सांगायचंय, की तू जाऊ नयेस असं वाटतं.”

“कोणाला?”

“समजा म्हटलं ना.”

“‘आय वुड रादर यू स्टेड.’”

“स्टेड का? परत भूतकाळ? तू अजून गेली कुठे आहेस?”

“उशिरा तोंड उघडणाऱ्यांची सोय केलीय ती. धरा हे पुस्तक, माझा नंबर आला.”